बाबांच्या छातीतल्या गाठी आणि घशातून होणारी सोनोग्राफी

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, माझे बाबा ६१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. दोन महिन्यांपासून त्यांना कोरडा खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते, वजन सहा किलो उतरलंय. विडी सोडून आठ वर्षं झाली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या भागात गाठी मोठ्या झाल्याचं आलंय : सबकॅरायनल २.८ सेंमी, राइट पॅराट्रॅकियल २.१ सेंमी. फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ आहेत. गावातले डॉक्टर म्हणतात टीबीच आहे, एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू करा. कराडच्या छातीच्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन 'ईबस' करायला सांगितलंय, नाहीतर 'ईयूएस'. दोन्हींत म्हणे घशातून आत सोनोग्राफी करतात आणि सुईने गाठीचा नमुना घेतात. काका म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, शुगरही आहे. त्यांना आम्ही खरं काही सांगितलेलं नाही, 'कफ साठलाय' एवढंच म्हणतो. पोटाची करतात तशी छातीची सोनोग्राफी वरूनच का होत नाही? आणि आम्ही आता करावं तरी काय?
— एक लेक

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. बाबांची ही तपासणी करून घ्या. निदान हाती येईपर्यंत एकेटी सुरू करू नका. खोकला थांबावा म्हणून कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर त्याही घेऊ देऊ नका. पुण्याची वेळ मिळायला आठ-दहा दिवस लागले तर हरकत नाही, पण 'बघू, दिवाळीनंतर' असं मात्र करू नका. मध्येच दम लागायला लागला, चेहरा आणि मान सुजली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

'गाठ' हा शब्द ऐकला की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कॅन्सरच उभा राहतो. बाबांच्या कागदावरच्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. घसा बिघडला की जबड्याखाली वाटाण्याएवढी गोळी हाताला लागते, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, त्याच जातीच्या या ग्रंथी. प्रत्येकाच्या छातीत त्या असतात, साधारण एक सेंटिमीटरच्या आत. दोन फुप्फुसांच्या मधे, हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या सांदीकोपऱ्यांत त्या बसलेल्या असतात. त्या मोठ्या झाल्या याचा अर्थ शरीर कशाशी तरी झुंजतंय. कशाशी, ते सीटी स्कॅन सांगत नाही. सीटी आकार सांगतो, जागा सांगतो, पण आजाराचं नाव सांगत नाही.

बाबांच्या लक्षणांत बसणारी नावं मुख्यतः चार. क्षय, म्हणजे टीबी, आपल्या देशात सगळ्यांत जास्त दिसणारा. सार्कॉयडोसिस, जो कॅन्सरही नाही आणि संसर्गही नाही, पण टीबीशी त्याची इतकी गफलत होते की कित्येक जण आधी विनाकारण एकेटी खाऊन बसलेले असतात. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचाच कॅन्सर. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची ग्रंथींपर्यंत आलेली वाट. बाबांनी विडी ओढलेली असल्यामुळे ही शक्यता मला बाजूला ठेवता येत नाही. संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन आणि खोकला या चारही आजारांत असू शकतात.

आता बघा, सार्कॉयडोसिसला उपचार लागलेच तर मुख्य औषध स्टिरॉइड. तेच स्टिरॉइड टीबी असलेल्या माणसाला एकेटीशिवाय दिलं तर टीबी भडकतो. लिम्फोमात स्टिरॉइड दिलं तर गाठी तात्पुरत्या आक्रसतात आणि मग तुकडा काढूनही निदान सापडेलच असं नसतं. टीबी असला तरी तो साध्या औषधांना दाद देणारा आहे की रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला न जुमानणारा, हे कळल्याशिवाय नेहमीची एकेटी देणं म्हणजे महिनेच्या महिने वाया घालवणं. गावच्या डॉक्टरांचा अंदाज बरोबरही निघू शकेल. पण हा अंदाज पडताळून बघायची सोय आज आहे, म्हणून त्यावर बाबांचे सहा महिने लावू नयेत, असं मी म्हणते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी स्वतः ही चूक केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, अशाच छातीतल्या ग्रंथी घेऊन. ही तपासणी तेव्हा आमच्या भागापासून फार लांब होती, त्यांच्या घरी लहान मुलं होती. मी टीबी धरून एकेटी सुरू केली. पहिल्या महिन्यात ताप उतरला आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या महिन्यात मानेत गाठ आली. तिचा तुकडा तपासला तर लिम्फोमा निघाला. त्या पुढे बऱ्या झाल्या, आजही भेटतात. पण ते चार महिने त्यांचे होते आणि ते मी घालवले. त्या दिवसापासून, नमुना मिळण्यासारखा असताना मी अंदाजावर औषध सुरू केलेलं नाही.

आता तुमचा सोनोग्राफीचा प्रश्न. फार चांगला प्रश्न आहे. सोनोग्राफीतल्या ध्वनिलहरींना हवा आणि हाड पार करता येत नाही. पोटावर सोनोग्राफी करताना थंडगार जेल लावतात, ते कातडी आणि यंत्र यांच्यामधली हवा काढून टाकण्यासाठीच. छातीत पुढे उरोस्थीचं हाड, बाजूला बरगड्या आणि आत हवेनं भरलेली फुप्फुसं. या ग्रंथी त्या सगळ्यांच्या मागे, मधोमध. बाहेरून कितीही जेल लावलं तरी लहरी तिथवर पोचत नाहीत. पण छातीच्या मधोमध दोन नळ्या आयत्याच आहेत, पुढे श्वासनलिका आणि तिला पाठीमागून चिकटून अन्ननलिका. यांपैकी एकीत सोनोग्राफीचं छोटं यंत्र उतरवलं की ग्रंथी अगदी भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर येते. श्वासनलिकेतून केली तर तिला ईबस म्हणतात, अन्ननलिकेतून केली तर ईयूएस.

ही कल्पना आधी पोटाच्या डॉक्टरांना सुचली. १९८०च्या सुमारास त्यांनी एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफी बसवली, कारण स्वादुपिंड बाहेरून नीट दिसत नसे. पुढे १९९०च्या दशकात त्याच यंत्रातून सुई घालून नमुना घेता यायला लागला, आणि अन्ननलिकेतून वाटेतच छातीच्या ग्रंथी दिसतात म्हटल्यावर त्यांचेही नमुने घेतले जाऊ लागले. श्वासनलिकेसाठी, डोळ्यांदेखत सुई घालता येईल असा बारीक ईबस स्कोप जपानमधल्या चिबा विद्यापीठात काझुहिरो यासुफुकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरून दाखवला आणि २००४ साली त्याचे निष्कर्ष छापले. त्याआधी मुख्य रस्ता होता तो १९५९ साली स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी रूढ केलेली मेडियास्टिनोस्कोपी : पूर्ण भूल द्यायची, गळ्याच्या खाली, उरोस्थीच्या वर चिरा द्यायचा आणि आत दुर्बीण घालून ग्रंथीचा तुकडा काढायचा. ती शस्त्रक्रिया आजही लागते, पण आता पहिल्या पायरीवर नाही.

ईबस की ईयूएस, हा प्रश्न ग्रंथी कुठे आहेत त्यावर सुटतो. बाबांची मोठी ग्रंथी 'सबकॅरायनल', म्हणजे श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात त्या बेचक्यात आहे. तिथे दोन्ही वाटांनी पोचता येतं. दुसरी 'राइट पॅराट्रॅकियल', श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला. तिच्यापर्यंत अन्ननलिकेतून सहसा पोचता येत नाही, मधे हवेची नळीच येते. म्हणून कराडच्या डॉक्टरांनी आधी ईबसचं नाव घेतलं ते योग्यच आहे. ईयूएसचा फायदा असा की त्यात खोकला जवळजवळ येत नाही, त्यामुळे ज्यांचा श्वास तोकडा आहे किंवा ऑक्सिजन कमी आहे त्यांना ती सोसायला सोपी जाते. कित्येक ठिकाणी छातीचे डॉक्टर तोच बारीक ईबस स्कोप गरज पडली तर अन्ननलिकेत उतरवतात आणि एकाच बैठकीत काम होतं. बाबांना खोकल्याची उबळ फार येते का, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

या तपासणीवर विश्वास कितपत ठेवावा? नेदरलँड्स, बेल्जियम आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरचे २४१ रुग्ण होते. अर्ध्यांना थेट शस्त्रक्रियेने ग्रंथी तपासल्या. अर्ध्यांना आधी ईबस आणि ईयूएस दोन्ही, आणि त्यात काही नाही सापडलं तरच शस्त्रक्रिया. नुसत्या शस्त्रक्रियेने ग्रंथींतला कॅन्सर ७९ टक्के वेळा पकडला गेला, दुसऱ्या मार्गाने ९४ टक्के. शिवाय ज्यांची छाती विनाकारण उघडली गेली त्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. सार्कॉयडोसिसच्या संशयितांवरचा असाच एक अभ्यास २०१३ सालचा : नेहमीच्या ब्रॉन्कोस्कोपीतून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तुकडे काढून निदान ५३ टक्के रुग्णांत झालं, सोनोग्राफी बघत सुई घालून ८० टक्क्यांत.

काकांवर रागावू नका. 'सुई लावली की पसरते' हे मी रोज ऐकते, आणि ते का वाटतं तेही मला कळतं. माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. सुई लागते, निदान होतं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तो खालावताना घरचे बघतात. दोष सुईच्या माथी जातो. या तपासणीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याच्या घटना इतक्या विरळा आहेत की त्या भीतीने निदान टाळणं परवडण्यासारखं नाही. आणि आजार टीबी निघाला तर हा प्रश्नच उरत नाही. खरे धोके सांगायचे तर थोडा रक्तस्राव, क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठणं, क्वचित ग्रंथीत संसर्ग. गंभीर त्रास शंभरात एखाद्यालाही होत नाही.

पुण्याला निघण्याआधी कराडमध्येच एक काम करून घ्या. डॉक्टरांना बाबांची मान, हंसळीच्या हाडाच्या वरचे खळगे आणि काखा नीट चाचपून बघायला सांगा, जमलं तर मानेची सोनोग्राफीही. तिथे एखादी ग्रंथी वाढलेली सापडली तर तिला बाहेरूनच सुई लावता येते. मग छातीत उतरायची गरजही कदाचित पडणार नाही. इतकी साधी गोष्ट घाईत राहून जाते.

स्टेंटचं नीट ऐका. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर अशा सुईच्या आधी साधारण ५ ते ७ दिवस ती थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. पण हे ज्यांनी स्टेंट घातला त्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि शक्यतो त्यांच्याकडून लिहून घेऊन. पुण्याच्या डॉक्टरांच्या हातात तो कागद असला की वेळ मोडत नाही. त्या दिवशी उपाशी राहायचं असल्यामुळे सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं, हेही आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

तपासणीच्या आधी सहा तास पोट रिकामं हवं. कवळी असेल तर काढून ठेवतात, हलणारा दात असेल तर सांगावा लागतो. घशात कडवट फवारा मारतात, त्याने घसा बधिर होतो. मग शिरेतून गुंगीचं औषध. ईबसची नळी करंगळीपेक्षा बारीक असते, ईयूएसची त्याहून जाड. दोन्हींत श्वास चालूच राहतो. पडद्यावर ग्रंथी काळसर गोळ्यासारखी दिसते, शेजारच्या रक्तवाहिन्या लाल-निळ्या रंगांत चमकतात, म्हणजे त्यांना चुकवून सुई नेता येते. एकेका ग्रंथीत किमान तीन-चार वेळा सुई घालतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, फार तर तास. बहुतेक जणांना नंतर त्यातलं फारसं आठवत नाही. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाणीसुद्धा द्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. संध्याकाळी घरी सोडतात. एक-दोन दिवस घसा खवखवेल, थुंकीत रक्ताच्या रेषा दिसतील, त्याला घाबरू नका. पण जास्त ताप, छातीत दुखणं, दम लागणं किंवा चमचाभर तरी रक्त पडणं यातलं काहीही झालं तर लगेच परत जा. आठवड्याभराने थंडी वाजून ताप आला तरीही कळवा, 'आधीपासूनच कणकण होती' म्हणून सोडून देऊ नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे तुम्हाला सहसा कुणी सांगणार नाही. नमुना निघाल्यावर तो कुठे जातो याकडे लक्ष द्या. पेशी बघायच्या तर त्या काचेवर पसरतात आणि काही भाग फॉर्मालिनमध्ये घालतात. पण फॉर्मालिन जंतूंना मारतं. सगळाच नमुना फॉर्मालिनच्या बाटलीत गेला तर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची चाचणी, कायमचं हुकलं. त्यासाठी वेगळा भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये हवा. मी अशा बाटल्या पाहिल्या आहेत : इतका खटाटोप, इतका प्रवास, इतका खर्च, आणि शेवटी सगळं फॉर्मालिनमध्ये. म्हणून आत जाण्याआधीच डॉक्टरांना विचारा, 'पेशींची तपासणी, सीबीनॅट आणि टीबी कल्चर, तिन्हींसाठी नमुना जाणार ना?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो.

सीबीनॅट यंत्रात लावल्यापासून दोनेक तासांत टीबीचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे सांगतं. पण ग्रंथीच्या नमुन्यात जंतू थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं की टीबी नाहीच असं धरायचं नसतं. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. तो रिपोर्ट आणायला लोक विसरतात, तुम्ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर त्याच नमुन्याच्या सेल ब्लॉकवर (पेशी एकत्र करून बनवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर) जनुकांच्या चाचण्या करता येतात आणि गोळीने उपचार होण्याजोगा प्रकार आहे का ते कळतं. म्हणून नमुना पुरेसा घ्यायला सांगा. आणि तोपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेणं टाळा. ते टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतं आणि निदान लपतं.

रिपोर्टमध्ये 'काही सापडलं नाही' असं आलं तर त्याचे दोन अर्थ होतात. 'नमुना अपुरा' म्हणजे सुई नीट ग्रंथीत पोचली नाही, ती तपासणी झालीच नाही असं समजा. 'लिम्फोसाइट आहेत, वाईट पेशी नाहीत' म्हणजे ग्रंथीतल्या नेहमीच्या पेशी मिळाल्या, सुई ग्रंथीत होती, पण आजार हाती लागला नाही. बाबांचं वजन उतरतच असेल तर तिथे थांबायचं नाही. विशेषतः लिम्फोमात बारीक सुईचा नमुना अनेकदा कमी पडतो, तुकडाच लागतो. मग जाड सुई किंवा ती जुनी मेडियास्टिनोस्कोपी. असं सांगितलं गेलं तर 'पहिली तपासणी फसली' असं मनात आणू नका, ती पुढची पायरी आहे.

खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि त्यात सुई, गुंगी देणाऱ्या डॉक्टरांची फी आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या धरल्यात का ते विचारा. सुई एकदाच वापरायची असते, तिचीच किंमत बरीच असते. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. महात्मा फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला यातलं काय बसतं ते विचारा. टीबी निघाला तर औषधं सरकारकडून मोफत मिळतात, आणि नोंदणी झाली की पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात.

आता बाबांना न सांगण्याबद्दल. ताई, त्यांना सांगा. संमतीपत्रकावर सही त्यांना करायची आहे. 'कफ साठलाय' म्हणून नेलेला माणूस टेबलावर झोपल्यावर तो कागद पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते मी पाहिलेलं आहे. घाबरलेला माणूस खोकतो, हात ओढतो, तपासणी अर्ध्यात सोडावी लागते. सगळ्या शक्यता एका दमात ओतायची गरज नाही. 'छातीतल्या ग्रंथी वाढल्यात, कशामुळे ते माहीत नाही, ते शोधायला जातोय' एवढं पुरे, कारण आज खरं तेवढंच आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं प्रवाशांनी भरलेली गाडी कुंभार्ली घाटातून नेली, धुक्यात, पावसात, त्यांना पुढचं वळण दिसत नाही हे ऐकायची सवय आहे. विचारायचं असेल ते ते विचारतील. कॅन्सर असू शकतो का, असं विचारलं तर 'असू शकतो, टीबीही असू शकतो' म्हणा. खोटं बोलू नका, पुढे उपचारांच्या वेळी तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास लागणार आहे.

जाताना सीटीचा नुसता कागद नेऊ नका, सीडी किंवा फिल्म न्या. सुई कुठून घालायची ते डॉक्टर चित्र बघून ठरवतात. स्टेंटचे सगळे कागद न्या. आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला तेव्हा छातीचा एक्स-रे काढला असणार. तो आज फार मोलाचा आहे. तेव्हाही ग्रंथी दिसत असतील तर हा आजार संथ चालीचा आहे, तेव्हा छाती स्वच्छ असेल तर हे सगळं अलीकडचं आहे. पुण्याच्या डॉक्टरांना ही एकच फिल्म बरंच काही सांगेल. आज संध्याकाळीच कपाटातली ती फाइल काढून बघा.